पुन्हा एकदा म्हणा

मागच्या महिन्यात मला एक फोन आला. बोलणारा तरुण होता, आवाज गोड होता. म्हणाला, "मॅडम, आम्ही सरांच्या स्मरणार्थ लोकगीतांचा कार्यक्रम करतोय. तुम्ही त्यांच्या शाळेत होता ना? पाच मिनिटं बोलाल का? दोन गोड आठवणी सांगा फक्त."

"गोड आठवणी नाहीत," मी म्हटलं.

तो हसला. बाई विनोदी आहेत असं त्याला वाटलं असणार. मग त्यानं सांगितलं, की पत्रिकेवर सरांच्या नावाआधी 'लोकसंगीताचे थोर उपासक' असं छापलंय, आणि मंचावर जातं, सूप, उखळ असं मांडून वातावरणनिर्मिती करणार आहेत. मी फोन ठेवला. वातावरणनिर्मिती! तो माणूस जिवंत असता तर त्यानं ते जातं उचलून ह्यांच्याच पायावर टाकलं असतं.

म्हणून लिहायला बसले. एक आधीच सांगते. शाळेत मी त्याला अहोजाहो करत होते. इथे करणार नाही. 'ते' म्हटलं की सावरून लिहावं लागतं, आणि मला सावरायचं नाही.

तो आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचा, मी मराठी. मी बार्शीहून नवीनच आले होते. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत शिरले तर कोपऱ्यात एक दाढीवाला माणूस अनवाणी पाय खुर्चीवर घेऊन बसलेला. अंगात गिरणीतल्या फिटरसारखा निळा जाड सदरा, हातात काचेच्या ग्लासात काळी कॉफी. मी नमस्कार केला. त्यानं नमस्कार केला नाही. म्हणाला, "गाता का?"

"नाही."

"तुमची आई?"

"दळताना म्हणायची. आता गिरणी झाली."

"म्हणजे गिरणीनं आईचं तोंड बंद केलं," तो म्हणाला आणि कॉफी प्यायला लागला. आईला गिरणी आल्यावर किती आनंद झाला होता, तिच्या खांद्याची दुखणी कशी थांबली होती, हे त्यानं विचारलं नाही. हा त्याचा पहिला दोष. आणि पहिल्याच मिनिटाला दिसला.

त्याच्याकडे बँजो होता. सोलापुरात बेंजो म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही ठाऊक: टाइपरायटरसारख्या पट्ट्या असलेलं, वरातीत घोड्यापुढे सिनेमाची गाणी वाजवणारं वाद्य. ह्याचा बँजो वेगळा होता. गोल, चामडं ताणून बसवलेला, लांब दांडीचा, अमेरिकेतून आणलेला. पण नाव ऐकलं की लोक त्याला वरातीचं विचारायचे. लग्नसराईत हटकून कुणी तरी शाळेच्या फाटकाशी उभं असायचं. "सर, आमच्या भाच्याचं लगीन हाय. बेंजोवाले तुमीच न्हवं?" तो अक्षरशः धावून जायचा अंगावर. "हे गुलामांनी घडवलेलं वाद्य आहे! दुधी भोपळ्याला कातडं लावून! वरातीत नाचायला नाही!" समोरचा गोंधळून म्हणायचा, "बरं बरं. मग साखरपुड्याला याल का?"

मुलं त्याला 'टणटण सर' म्हणायची. त्याचे वडीलही जवळजवळ तेच म्हणायचे. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत त्यांचे माग होते, घरात तेलुगू बोलायचे. मुलगा हुशार म्हणून त्याला कापडाचं तंत्र शिकायला अमेरिकेला पाठवलं. तो पदवी न घेता, केस वाढवून, हे वाद्य घेऊन परत आला. वडील स्टेशनवर उतरवून घ्यायला गेले होते. ते म्हणाले, "माग शिकायला पाठवला, टणटण शिकून आला," आणि त्यानंतर मरेपर्यंत त्याच्याशी कामापुरतंच बोलले. हे तो स्वतःच सांगायचा, आणि सांगताना त्याच्या मानेवरची शीर उभी राहायची.

अमेरिकेत त्यानं काय केलं, हे आम्हाला पाठ झालं होतं. न्यूयॉर्कमध्ये तळघरात एक कॉफीचं दुकान होतं. तिथे तो कपबश्या विसळायचा. त्या दुकानात कविता म्हणणारे, चित्रं काढणारे, घर सोडून आलेले, नोकरी न करण्याची शपथ घेतलेले असे सगळे यायचे आणि गाणी म्हणायचे. गाणी खाणकामगारांची, रेल्वेचे रूळ टाकणाऱ्यांची, धुळीच्या वादळात शेतं उडून गेलेल्यांची. रविवारी बागेत कारंज्याभोवती हेच सगळे जमायचे. तिथेच तो बँजो शिकला, तिथेच कुणाच्या तरी सतरंजीवर झोपला. त्याचा एक जिवलग मित्र तर डोंगराळ भागातल्या खेड्यांतून टेपरेकॉर्डर घेऊन हिंडायचा, म्हाताऱ्यांची गाणी मरायच्या आत उचलायला. गिटारला वीज जोडावी की नाही यावरून त्यांच्यात भांडणं व्हायची, मित्रामित्रांचं बोलणं तुटायचं.

"त्यांतले किती जण खाणीत उतरले होते?" मी एकदा विचारलं.

"एकही नाही. माझ्या मित्राचे वडील वकील होते. तो ठिगळं लावलेला सदरा घालायचा. ठिगळं लावलेलाच नवा मिळतो तिथे." हे सांगताना तो हसला नाही. "पण बाई, निदान त्यांना लाज वाटत होती. आपल्या घरातल्या गालिच्याची लाज. तुमच्या सोलापुरात कुणाला कशाची लाज वाटते का?"

तुमच्या सोलापुरात! जन्म इथला, दात आले इथे. पण चिडला की सोलापूर आमचं व्हायचं.

त्याचं एक वाक्य होतं: "गाण्याला मालक नसतो, पण घर असतं." वर्गात, शिक्षकांच्या खोलीत, बसच्या रांगेत, कुठेही. ह्या वाक्यापायी त्यानं शाळेचं स्नेहसंमेलन उधळलं. मुलींचा कोळीनृत्याचा कार्यक्रम होता. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत पुठ्ठ्याचे मासे, मागे निळ्या कापडाच्या लाटा. पहिलं कडवं संपायच्या आत तो मंचावर चढला आणि हार्मोनियमवाल्याचा हात धरला. "समुद्र कुठाय? सोलापुरात समुद्र कुठाय? प्यायला पाणी नाही आणि तुम्ही मासे धरता? ह्या पोरींच्या आया विड्या वळताना काय म्हणतात, ते विचारलं का कुणी?" पुढच्या रांगेतले पाहुणे उठून गेले. एक छोटी मुलगी टोपलीसकट रडायला लागली. मुख्याध्यापकांनी पडदा पाडला. तो पडद्याच्या पुढेच राहिला, आणि तिथून पालकांना आणखी दहा वाक्यं सुनावली. त्याचं म्हणणं खरं होतं. त्या मुलीचं रडणंही खरं होतं. तिच्याकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. सोलापूर जिल्ह्याला दुष्काळाचं नवल नाही, पण त्या वर्षी विहिरींत पोहरे खडखडायला लागले. शेतकऱ्यांच्या बायका सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला बसल्या. होटगीच्या पुढे रस्त्याचं एक काम निघालं होतं. तो कुठल्याशा रविवारी तिकडे गेला आणि सोमवारी शाळेत आला तो पेटूनच. त्या बायका हातोडीच्या तालावर गात होत्या.

"तुम्ही चला," तो मला म्हणाला. "एकट्या पुरुषापुढे त्या गात नाहीत. आणि मला त्यांचे सगळे शब्द कळत नाहीत."

मी गेले. तेव्हापासून बऱ्याच रविवारी गेले. पॅसेंजरनं होटगी, तिथून चालत. त्याच्या खांद्याला टेपरेकॉर्डर, पाठीवर बँजो. रस्त्याच्या कडेनं दगडांचे ढीग आणि ढिगापाशी बायका, डोक्यावर पदर, बोटांना चिंध्या बांधलेल्या. पहिल्याच दिवशी गौरव्वा नावाच्या एका म्हातारीनं मला विचारलं, "ह्ये तुमचं मालक का?"

"नाही. एका शाळेत शिकवतो."

"मंग कशापायी उन्हात हिंडताय ह्येच्या मागं? खुळी का काय?"

सगळ्या हसल्या. त्यांतच सोजर होती. विशी-बाविशीची, दातांत मिश्री, मोठ्या आवाजाची. तिचं तान्हं पोर काठीला बांधलेल्या झोळीत होतं. जवळपास झाड नव्हतं. होती ती बाभूळ रस्त्याच्या आखणीत तोडली होती. झोळीवर सोजरनं आपलं जुनेर टाकलं होतं, तेवढीच सावली.

सोजर गायची फार छान. पण तिला सिनेमाच्या चाली आवडायच्या. कुठल्या तरी तंबूत पाहिलेल्या सिनेमाच्या चालीवर तिनं मुकादमाच्या पोटावर गाणं रचलं होतं आणि त्यावर सगळ्या जणी खिदळायच्या. तो ते टेप करेना. "ही चाल तुमची नाही. जुनी म्हणा. आजीची म्हणा."

"आजीची चाल आजीसंगट गेली. ही मला ग्वाड लागती."

"ती बाजारातली आहे!"

"मीठ बी बाजारातलंच हाय की," सोजर म्हणाली. "मंग काय आळणी खाऊ?"

तो भडकला, टेप बंद करून बसला. मला त्याचा राग आला. एवढा लांब येऊन हा माणूस त्या बाईला तिनं कसं गावं ते शिकवत होता. वाटेत परतताना मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "तुम्हाला कळत नाही. ह्या चाली मरतायत." माणसंही मरत होती, हे तेव्हा आम्हा दोघांनाही नीटसं दिसलं नव्हतं.

चैत्रात ऊन तापलं. सोजरचं पोर एका दुपारी झोळीतच गेलं. ती पाजायला उठली तेव्हा अंग वाळल्या चिंधीसारखं झालं होतं, असं गौरव्वानं सांगितलं. कामावर सावली आणि पाणी द्यायचा नियम होता. मी मुकादमाला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "मांडव हाय की बाई. कागदावर हाय." सोजर तिसऱ्या दिवशी कामावर परत आली होती. न येऊन काय खाणार होती?

आणि याच सुमाराला त्याचा तो अमेरिकन मित्र सोलापुरात उतरला. गोव्याला निघाला होता. तेव्हा गोऱ्यांचे थवे तिकडे चालले होते. केस खांद्यापर्यंत, गळ्यात रुद्राक्ष, पायात काही नाही. ह्यानं त्याच्या गळ्यात पडून अक्षरशः रडून घेतलं. सगळी वर्षं ज्याच्याबद्दल आम्हाला ऐकवलं होतं, तो देव घरी आला होता. रात्रंदिवस दोघं गात होते. आणि रविवारी अर्थातच होटगी.

दुपारच्या सुट्टीत बायका भाकरी खात होत्या. दुष्काळात सरकार वाटायचं त्या मायलोची, म्हणजे परदेशी लाल ज्वारीची. मित्राला कळलं की हे धान्य त्याच्या देशातून आलंय. तो फार खूश झाला. गौरव्वानं ह्याच्याकडून त्याला विचारून घेतलं, "तुमच्यात ह्ये कोन खातं?"

मित्रानं सांगितलं. ह्यानं तसंच भाषांतर केलं. "गुरं."

आणि बायका जे हसत सुटल्या! गौरव्वा हंबरली. सगळ्या हंबरल्या. मित्रही हसला, त्याला वाटलं मैत्री जमली. सोजर तेवढी हसली नाही. ती पाठ करून ढिगाशी बसली होती आणि हातोडी चालवत स्वतःशीच काही म्हणत होती. सिनेमाची चाल नव्हती. जात्यावरची, जुनी, आजीची.

उन्हाच्या गं पारी, बाळ झोळीत निजलं
पान्हा दाटला उरात, त्याचं व्हट न्हाय भिजलं

मित्रानं कान टवकारले. पळत जाऊन तिच्यापुढे गुडघ्यावर बसला आणि माइक पुढे केला. ती थांबली नाही. त्याला पाहिलंही नसेल. आणखी दोन ओव्या म्हणाली. मी ते शब्द इथे लिहिणार नाही. मग ती गप्प झाली. मित्राच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं म्हणवत नाही. त्यानं यंत्राकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं, हेडफोन कानाला लावून ऐकलं आणि ह्याला इंग्रजीत काही सांगितलं. वारा शिरला होता. पहिल्या ओळी खरखरल्या होत्या.

मला वाटलं, हा आता त्याला एक ठेवून देईल. समोर बसलेली बाई कोण, तिचं काय गेलं, हे ह्याला पुरतं ठाऊक होतं. पण हा सोजरकडे वळला, आणि मऊ आवाजात म्हणाला, "सोजर, पुन्हा एकदा म्हणा."

"का?"

"यंत्रात नीट आलं नाही."

तिनं हातोडी खाली ठेवली. त्याच्याकडे पाहिलं, त्या गोऱ्याकडे पाहिलं. "पोर येकदाच गेलं की वो, सर," ती म्हणाली. "पुन्ना कसं म्हनू?"

मित्राला काय कळणार? तो हसून एक बोट वर करून दाखवत होता: एकदाच, फक्त एकदाच. आणि मग हा फुटला. इंग्रजीत, तेलुगूत, मराठीत, सापडेल त्या भाषेत. त्यानं माइक हिसकावला, त्याची तार तोडली, मित्राच्या गळ्यातली माळ धरून त्याला उठवलं. तो बिचारा हतबुद्ध होऊन म्हणत राहिला, की दुःख सगळ्या जगाचं असतं, हे जगानं ऐकायला हवं. "आधी एक पोर पुरून ये!" हा ओरडला. "मग ऐकव जगाला!" मुकादम धावत आला. बायका हातोड्या घेऊन उठून उभ्या राहिल्या, कुणाच्या बाजूनं ते त्यांनाही कळत नव्हतं. सोजर परत खडी फोडायला लागली होती.

मित्र दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गेला. स्टेशनवर हा गेला नाही.

रीळ मात्र ह्याच्याकडे राहिलं. पुढच्या रविवारी तो ते घेऊन गेला आणि सोजरच्या हातात ठेवलं. "हे तुमचं आहे. मी कुणाला ऐकवणार नाही."

सोजरनं ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्येच्यात त्याचं रडनं हाय का?"

त्याला कळलं नाही. मला कळलं. माघात आम्ही पहिल्यांदा टेप केलं होतं, तेव्हा एक मूल सारखं रडत होतं. सोजरचंच. ह्यानं घरी येऊन ऐकलं आणि वैतागला होता. "रडण्यानं गाणं नासलं," म्हणाला होता, आणि त्यावर दुसरं गाणं भरलं होतं. त्या लेकराचा ह्या पृथ्वीवर एवढाच आवाज कुठे तरी राहिला होता, आणि तो ह्यानं पुसला होता.

"तवा रडत हुतं न्हवं का त्ये," सोजर म्हणाली. "तुमी यंत्र लावलं तवा."

आता त्याला कळलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. विसरावा असं वाटतही नाही. खोटं बोलता आलं असतं. "नाही," तो म्हणाला. "मी पुसलं."

तिनं रीळ त्याच्या हातात परत दिलं. "मंग मला काय करायचं ह्ये? आन माझं गानं तुमी कुटं म्हनायचं न्हाय."

"नाही म्हणणार."

त्यानंतर त्यानं जे केलं, त्याबद्दल सगळे त्याला वेडा म्हणाले. उन्हाळ्यात सकाळची शाळा असायची. शाळा सुटली की हा भर दुपारी मामलेदार कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचा आणि बँजो वाजवत दोनच शब्द म्हणायचा: "मांडव घाला." चाल त्याची स्वतःची होती, आणि भयंकर होती. त्याला गळा नव्हता, हे आजवर कुणी त्याला सांगितलं नव्हतं. आतले कारकून कानांत बोटं घालायचे. कामासाठी आलेले खेड्यातले लोक गर्दी करायचे, काही जण सूर धरायचे. दारात चप्पल काढता काढता म्हाताऱ्याही "मांडव घाला" म्हणत आत जायच्या.

एका दुपारी मामलेदार स्वतः बाहेर आले. मी तिथेच होते, त्याच्यासाठी पाणी घेऊन गेले होते.

"मास्तर, मांडव मंजूर आहे."

"कुठाय?"

"मंजूर आहे म्हणतो ना."

"मंजुरीत पोर निजवता येतं का?"

मामलेदारांनी पोलीस बोलावला. पोलिसानं बँजो जप्त केला. पंचनाम्यात त्या वाद्याचं नाव काय लिहावं, यावर तासभर खल झाला, आणि शेवटी लिहिलं, 'बेंजो, पट्ट्या नसलेला, बिघडलेला.' दुसऱ्या दिवशी हा टाळ्या वाजवत बसला. आवाज तर जप्त करता येत नव्हता. मुख्याध्यापकांनी त्याला बोलावून विचारलं, "तुम्ही शिक्षक आहात की तमासगीर?" तो म्हणाला, "तमासगीर परवडला. त्याला निदान कुणी ऐकतं." जूनमध्ये त्याला शाळेत घेतलं नाही. वर्तन अशोभनीय, असं कारण दिलं. खोलीत आम्ही चौघी-पाच जणी भांडलो. "नियम आहे," मुख्याध्यापक म्हणाले. मी म्हटलं, "मांडवाचाही होता." ते माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखं करून घंटा द्यायला सांगून निघून गेले.

मांडव झाला. त्याच्या गाण्याला कंटाळून झाला, न्यायाची चाड म्हणून नव्हे. बांबूवर ताडपत्री, खाली माठ. साहेब आले, हार झाले, फोटो निघाला. प्रशासन किती दक्ष आहे, हे वर्तमानपत्रात छापून आलं. पायऱ्यांवरच्या माणसाचं नावही नव्हतं. त्याचं त्याला काही नव्हतं. मला होतं. अजून आहे. आणि हेच शहर आता त्याच्या स्मरणार्थ मंचावर उखळ मांडतंय.

शाळेतली नोकरी सुटली तसं पुढे तो होटगीलाच राहायला गेला. रेल्वेत कामाला असलेल्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवायचा. बँजो त्यानं कचेरीतून सोडवून आणला नाही. पुन्हा कधी तो काही टेप करताना दिसला नाही. तिथेच गेला. मी मयतीला गेले नव्हते.

का गेले नव्हते, ते सांगते. मांडव घातल्यावर पहिल्या रविवारी आम्ही तो पाहायला गेलो होतो. ताडपत्रीखाली झोळ्या टांगल्या होत्या. बायका पाळीपाळीनं येऊन पोरांना पाजत होत्या. गौरव्वानं त्याच्या दाढीवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. तो लहान मुलासारखा हसत होता. मग त्यानं विचारलं, "सोजर कुठाय?"

सोजर बाहेर होती. टळटळीत उन्हात, आपल्या ढिगाशी. सुट्टी होती तरी तिथेच भाकरी खात होती.

"आत या ना," तो म्हणाला.

उत्तर मुकादमानं दिलं. "आत लेकरंवाल्यांस्नी हाय, सर. तसा हुकूमच हाय. हिला कुटं लेकरू हाय?"

तो मुकादमाच्या अंगावर गेला. मीही गेले. जे तोंडाला येईल ते बोलले. सोजरनंच आम्हाला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या वो बाई. मला आत बसवायचं न्हाय. झोळ्या दिसत्यात." आणि पाणी पिऊन तिनं तोंड पुसलं.

परत येताना होटगीच्या फलाटावर आम्ही बाकावर बसलो होतो. गाडीला वेळ होता. मला राहवलं नाही. इतके दिवस जे गिळलं होतं, ते विचारलं. "त्या माणसाला काही कळत नव्हतं. परका होता. तुम्हाला तर सगळं माहीत होतं. मग तुम्ही तिला कसं विचारलंत? पुन्हा एकदा म्हणा, असं कसं म्हणवलं तुम्हाला? मित्राची भीड पडली का?"

मला वाटत होतं त्यानं हो म्हणावं. भीड पडली, चूक झाली, तोंडातून निघून गेलं, काहीही. मी ते मानलं असतं. मानायला मी तयारच होते.

त्यानं रुळांकडे पाहिलं.

"भीड नाही," तो म्हणाला. "त्याच्यासाठी नाही विचारलं मी. मलाच ते परत ऐकायचं होतं. इतकं चांगलं गाणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, बाई."

गाडी आली. तो समोरच्या डब्यात चढला आणि मला जागा धरण्यासाठी त्यानं खिडकीजवळच्या बाकावर हात पसरून ठेवला. मी फलाटावरून पुढे चालत गेले आणि बायकांच्या डब्यात बसले.